नॅनोटेक्नॉलॉजीचं ओपन इलेक्टिव्ह, वर्गात सगळ्या शाखांची मुलं. शिकवायचं कसं?

अर्धवाहक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, पण वाचा आणि सुचवा.

पुढच्या सेमिस्टरला माझ्या गळ्यात 'नॅनोटेक्नॉलॉजीची ओळख' हे ओपन इलेक्टिव्ह पडलंय. ओपन म्हणजे खरंच ओपन, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं कोणीही घ्यावं, आणि यादी बघितली तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोटेक, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, सगळे हजर आहेत. काहींनी दुसरीकडे जागा नव्हती म्हणून घेतलंय हे तर उघडच आहे. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा, थिन फिल्मवर काम केलेलं, बायोशी माझा संबंध शाळेतच संपला.

सिलॅबस नेहमीचाच. पहिलं युनिट इतिहास, म्हणजे १९५९ चं फाइनमनचं भाषण (अणू हलवून वस्तू घडवायची कल्पना), १९७४ मध्ये तानिगुचींनी वापरलेला 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द, १९८१ चा एसटीएम (अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक). मग फुलरीन, नॅनोट्यूब, ग्राफीन (तिन्ही कार्बनची रूपं), क्वांटम डॉट (सेमीकंडक्टरचे काही नॅनोमीटरचे कण) यांना एकेक तास. मग कॅरॅक्टरायझेशनच्या, म्हणजे नमुना तपासण्याच्या, नावाखाली यंत्रांची यादी, आणि शेवटी औषधं, ऊर्जा, पर्यावरण, कापड. आयत्या स्लाइड्स मिळाल्यात, त्यात केसाची जाडी आणि नॅनोमीटर हे चित्र परत परत येतं, बाकी फारसं काही नाही.

अडचण अशी की बोर्डावर श्रोडिंगरचं क्वांटम समीकरण लिहिलं की बायोटेकवाले पेन खाली ठेवणार आणि लिगँड (कणाला चिकटणारे रेणू), पीएच म्हटलं की मेकॅनिकलवाले मोबाइल काढणार. सगळ्यांना समजेल असं शिकवायचं तर गोष्टी सांगितल्यासारखं होतं, आणि खोलात जायचं तर अर्धा वर्ग बाहेर. पहिले तीन-चार आठवडे सगळ्यांची पूर्वतयारी सारखी करण्यात घालवावेत का? लॅबमध्ये हॉटप्लेट, स्टरर आणि एक बरा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर (कोणत्या वेव्हलेंग्थचा प्रकाश किती शोषला ते मोजणारा) आहे. टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नाही. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक तपासणारं यंत्र) दुसऱ्या डिपार्टमेंटला आहे, नंबर लागेल तेव्हा. कोणी असा मिश्र वर्ग हाताळलाय का?

काचसामान

अर्धवाहक सर, पूर्वतयारीचे तीन-चार आठवडे अजिबात नको. फिजिक्सवाल्यांना स्वतःचं फिजिक्स परत ऐकून कंटाळा येतो, बाकीच्यांना ते तीन आठवड्यांत येत नाही, आणि तोपर्यंत इलेक्टिव्ह बदलायची तारीख निघून गेलेली असते म्हणून मुलं नुसती बसून राहतात.

मी केमिस्ट्रीची आहे आणि असा वर्ग घेते. माझं म्हणणं एकच, दहा पदार्थांची ओळख करून देण्यापेक्षा एकच नमुना पूर्ण सेमिस्टर टेबलावर ठेवा आणि प्रत्येक शाखेला त्याच्याकडे आपापल्या प्रश्नानं यायला लावा. माझा नमुना सोन्याचा सोल, म्हणजे पाण्यात तरंगणारे सोन्याचे नॅनोकण. तुमच्याकडे जे आहे तेवढ्यात होतो. २० मिली १ मिलीमोलर क्लोरोऑरिक ॲसिड उकळत ठेवायचं, ढवळणं चालू ठेवायचं, त्यात २ मिली १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट एकदम घालायचं. फिकट पिवळा रंग जातो, क्षणभर पाण्यासारखं दिसतं, मग करडं-जांभळट होतं आणि दहाएक मिनिटांत वाइनसारखा गडद लाल. मूळ पद्धत १९५१ ची, टर्केविचची. एका बॅचमध्ये सोनं जेमतेम ४ मिलिग्रॅम जातं, त्यामुळे सोनं म्हटल्यावर अकाउंट्सवाल्यांनी भुवया उंचावल्या तर हा आकडा दाखवा.

पहिल्याच दिवशी हे वर्गासमोर करा, काहीही न समजावता. नंतर तीन टेस्ट ट्यूबमध्ये थोडं थोडं घ्या, एकात मिठाचं पाणी, एकात साखरेचं पाणी, एकात नुसतं पाणी. मिठाच्या ट्यूबमध्ये लालचं निळं-जांभळं होतं, साखरेत काही होत नाही. आता विचारा का. केमिस्ट्रीवाले आयनांपर्यंत येतात, फिजिक्सवाले चार्ज स्क्रीन झाला म्हणतात, आणि दोघंही एकच गोष्ट बोलतायत हे त्यांना कळायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाया गेला असं समजू नका, माझ्या मते कोर्सचा खरा तास तोच. सायट्रेटमुळे कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात, मिठाच्या आयनांनी तो भार झाकला की कण जवळ येऊन चिकटतात. स्पेक्ट्रोमीटरवर ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा शोषणाचा पीक खाली बसतो आणि ६०० च्या पुढे रुंद उंचवटा येतो. डोळ्यांनी दिसलं तेच आलेखात दिसतं.

बायोटेकच्या मुलांना पुढे न्यायचं तर घरी करायच्या प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी आणा. बऱ्याच किट्समधली ती लाल रेघ म्हणजे हेच सोन्याचे कण, वर अँटिबॉडी बसवलेली, रेघेवर पकडून गोळा झालेले. तिथून मग अँटिबॉडी कणावर चिकटते कशी, खारट नमुन्यात कण आधीच गुठळ्या का होत नाहीत, हे प्रश्न ती मुलं आपण होऊन विचारतात.

आणि एक कळकळीची विनंती. सोन्याचा लाल रंग 'क्वांटम कन्फाइनमेंट' (छोट्या जागेत कोंडल्यानं इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलणं) म्हणून शिकवू नका, स्लाइड्समध्ये सर्रास असतं. वीसेक नॅनोमीटरच्या सोन्याचा रंग प्लाझमॉनमुळे आहे, इलेक्ट्रॉनांचा सगळा घोळका प्रकाशाबरोबर हिंदकळतो, आणि त्याचं गणित गुस्टाव मीनं १९०८ मध्येच क्लासिकल समीकरणांनी मांडलं, तेव्हा क्वांटम मेकॅनिक्स धड जन्मलं पण नव्हतं. क्वांटम डॉटची गोष्ट वेगळी, तिथे खरंच कन्फाइनमेंट. ही दोन कारणं वेगवेगळी आहेत एवढं जरी मुलं घेऊन गेली तरी मी खूश.

टॉर्करेंच

काचसामान मॅडमशी सहमत, पण मेकॅनिकलवाल्यांना रंगानं फार वेळ धरून ठेवता येत नाही, मी त्यांच्यातलाच म्हणून सांगतो. त्याच बाटलीवर आमच्या पोरांना पडणारा प्रश्न म्हणजे सोनं पाण्याच्या १९ पट जड, मग हे खाली का बसत नाही?

हा प्रश्न मी बोर्डावर लिहून गप्प बसतो. स्टोक्सचा नियम (द्रवात कण किती वेगानं खाली जातो तो) सगळ्या इंजिनिअरिंगवाल्यांना येतो. २० नॅनोमीटर व्यासाचा कण घातला तर खाली जायचा वेग सेकंदाला साधारण साडेचार नॅनोमीटर निघतो, म्हणजे अख्ख्या दिवसात ०.४ मिलीमीटर. मुलं म्हणतात ठीक आहे ना सर, हळू का होईना, महिन्याभरात बसेल. मग फिजिक्सवाल्यांना म्हणायचं आता ब्राउनियन (पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी हालचाल) काढा, आइन्स्टाइनचं सूत्र लावा, त्याच कणाची दिवसभरातली भटकंती साधारण २ मिलीमीटर येते. म्हणजे गुरुत्वाकर्षण जेवढं खाली ओढतंय त्याच्या कितीतरी पट रेणूंचे धक्के इकडेतिकडे उधळतायत, बसणार कधी. नंतर तेच गणित १ मायक्रॉनच्या कणाला करायला लावा, वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो म्हणून २५०० पट होतो, दिवसाला जवळजवळ १ मीटर, म्हणजे बीकरमध्ये दोन-तीन तासांत तळाला गाळ. व्यास पन्नास पट वाढला तर गोष्टच बदलली. नॅनो म्हणजे नुसतं लहान असं नसून बलांची क्रमवारी उलटी होते, हे मी एकदाही न सांगता त्यांच्या वहीत उतरतं.

फॅरेडेनं १८५० च्या दशकात केलेले सोन्याचे सोल लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून ठेवलेले आहेत, हे या गणितानंतर सांगा. आधी सांगितलं तर जनरल नॉलेज होतं, नंतर सांगितलं तर मुलं दचकतात.

दुसरं गणित पृष्ठभागाचं. १ सेंटिमीटरचा ठोकळा १ नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत कापला तर ६ चौरस सेंटिमीटरचं क्षेत्रफळ ६००० चौरस मीटर होतं, हे सगळेच सांगतात. मी त्यापेक्षा अणू मोजायला लावतो. सोन्याच्या गोळ्याचा बाहेरचा ०.२९ नॅनोमीटर जाडीचा थर म्हणजे पृष्ठभागावरचे अणू असं धरा, आणि टक्केवारी काढा. २० नॅनोमीटरला साधारण ८ टक्के, ५ ला ३१, २ ला ६४. कॉम्प्युटरवाला पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहून आलेखच काढून देतो. मग विचारायचं, १०६४ अंशांना वितळणारं सोनं दोन-तीन नॅनोमीटरला आल्यावर शेकडो अंश आधी का वितळतं. उत्तर त्या आलेखात आहेच.

पायाभरणी

विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

मुळात हा कोर्स पदवीच्या पातळीवर स्वतंत्र असावा का? माझा अनुभव असा की ओपन इलेक्टिव्ह नॅनो म्हणजे पर्यटनाची बस असते, डावीकडे बघा ग्राफीन, उजवीकडे बघा नॅनोट्यूब, उतरायचं कुठेच नाही. मुलगा बायोडेटात नॅनोटेक्नॉलॉजी लिहितो आणि इंटरव्ह्यूत डिफ्यूजन कोएफिशंटचं एकक विचारलं की गार पडतो. थर्मो कच्चं, इलेक्ट्रोस्टॅटिक्स कच्चं, आणि वर नॅनो. त्यापेक्षा प्रत्येक शाखेच्या आहे त्या विषयांतच दोन-दोन तास नॅनोची उदाहरणं घाला. फ्लुइडमध्ये टॉर्करेंच म्हणतात ते गणित, फिजिकल केमिस्ट्रीत सोल, सेमीकंडक्टरमध्ये डॉट. स्वतंत्र कोर्स एमएस्सी-एमटेकला ठेवा.

वर तुम्ही दोघांनी जे सांगितलंत ते छानच आहे, पण नीट बघा, त्यातलं शंभर टक्के जुनं फिजिक्स आणि जुनी केमिस्ट्री आहे. मग नॅनोची पाटी कशाला?

काचसामान

पायाभरणी, पाटी काढली तरी माझी हरकत नाही. पण तुमच्या पद्धतीत बायोटेकची मुलगी मेकॅनिकलच्या मुलाशेजारी कधीच बसत नाही. फ्लुइडच्या वर्गात सगळे फ्लुइडवालेच. मिठाच्या ट्यूबवर जो वाद होतो तो व्हायला वेगवेगळ्या शाखांची डोकी एका टेबलाभोवती लागतात, आणि ते कोणत्याही एका शाखेच्या विषयात होत नाही. बसबद्दल मात्र पटलं :)

शेवटचा_बाक

मी विद्यार्थ्याच्या बाजूनं बोलतो. कॉम्प्युटरचा होतो, असंच इलेक्टिव्ह घेतलं होतं, खरं सांगायचं तर सोपं म्हणतात म्हणून. इतिहासाचं युनिट आता शून्य आठवतंय. आठवतंय ते म्हणजे मॅडमनी टीईएमचे फोटो दिले आणि म्हणाल्या कण मोजा. इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्केल बार वरून पिक्सेल सेट करायचे आणि कण मोजायचे. मला वाटलं आपलं काम, थ्रेशोल्ड (किती गडद म्हणजे कण ही मर्यादा) लावला, ऑटोमॅटिक काउंट, दोन मिनिटांत हिस्टोग्राम. शेजारी केमिस्ट्रीची मुलगी हातानं एकेक कण मोजत होती. तिचा सरासरी आकार माझ्यापेक्षा बराच कमी. कारण माझा प्रोग्रॅम चिकटलेले दोन कण एक धरत होता आणि तिला बघून कळत होतं की हे दोन आहेत. मग माझा प्रश्न, ते खरंच चिकटले होते की ग्रिडवर (टीईएममध्ये नमुना ठेवायच्या जाळीवर) वाळताना जवळ आले? यावर ती गप्प, मॅडमपण हसल्या आणि म्हणाल्या आता हे शोधायचं कसं ते सांगा. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की या विषयात आपल्यासारख्याला काम आहे.

तर सर, कॉम्प्युटरवाल्यांना पीपीटी बनवायला लावू नका प्लीज. ग्रुप केला की हमखास तेच होतं, केमिस्ट्रीवाला प्रयोग करतो, फिजिक्सवाला सूत्र सांगतो, आणि 'तू कॉम्प्युटरचा ना, स्लाइड्स तू कर'.

अर्धवाहक

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार. सोन्याचा सोल नक्की. सेटलिंगचं गणित मी काल रात्रीच करून बघितलं, मजा आली.

दोन गोष्टी अजून अडतायत. एक म्हणजे क्वांटम डॉट. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल बावेंडी, ब्रुस, एकिमोव यांना त्याच्यावरच मिळालंय, टाळता येणार नाही, पण क्वांटम न शिकलेल्यांना सांगायचं कसं? दुसरं परीक्षा. 'नॅनोटेक्नॉलॉजीचे उपयोग लिहा, १० मार्क' असले प्रश्न मला काढायचे नाहीयेत.

पायाभरणी सर, तुमचा मुद्दा डोक्यात राहील, पण कोर्स माझ्या नावावर लागलाय, आता घ्यावाच लागणार.

सूक्ष्मदर्शी०७

मी यंत्रांच्या बाजूचा माणूस, दिवसभर लोकांचे सँपल मोजून देतो, म्हणून परीक्षेपासून सुरू करतो.

सगळ्यात चांगला प्रश्न माझ्या मते हा, एकाच सँपलचा आकार तीन यंत्रांनी तीन वेगळा दिलाय, कोण खोटं बोलतंय? टीईएम म्हणतं १३ नॅनोमीटर, एक्सआरडी म्हणतं ९, डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणारं यंत्र) म्हणतं ३०. उत्तर कोणीच नाही. टीईएम धातूचा गाभा बघतं. एक्सआरडीच्या पीकच्या रुंदीवरून निघतो तो क्रिस्टलाइटचा, म्हणजे एकसंध स्फटिकाच्या तुकड्याचा, आकार, एका कणात दोन-तीन क्रिस्टलाइट असले तर तो कणापेक्षा लहान येणारच. डीएलएस कण पाण्यात किती वेगानं भटकतो त्यावरून व्यास काढतं, म्हणजे भोवतीच्या सायट्रेट आणि पाण्याच्या आवरणासकट, शिवाय प्रकाश विखुरणं व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतं, दहापट मोठा एक कण दहा लाख छोट्या कणांएवढा ओरडतो, म्हणून थोड्याशा गुठळ्या असल्या तरी आकडा फुगतो. हा प्रश्न पाठ करून सोडवता येत नाही. बायोवाल्या मुलांना तो खूप जमतो बरं का, कारण मोजमापात ढोबळपणा असतो याची त्यांना सवय असते, उलट इंजिनिअरिंगवाले एकच खरा आकडा मागत बसतात.

एक्सआरडीचा नंबर लागला तर शेररचं सूत्र (पीकच्या रुंदीवरून क्रिस्टलाइटचा आकार काढायचं) प्रत्येकाकडून हातानं करून घ्या. सोन्याचा पहिला पीक ३८.२ अंशांना, रुंदी ०.९ अंश, कॉपरची वेव्हलेंग्थ ०.१५४ नॅनोमीटर. उत्तर साधारण ९.३ नॅनोमीटर यायला पाहिजे. दर बॅचला निम्मी मुलं रुंदी रेडियनमध्ये बदलत नाहीत आणि ०.१६ नॅनोमीटर लिहून पेपर देऊन मोकळी होतात. सोन्याचा एक अणूच ०.२९ चा, मग हा क्रिस्टल अणूपेक्षा लहान कसा? मी मार्क उत्तराला थोडे आणि 'हे उत्तर शक्य आहे का' या एका ओळीला जास्त देतो. अजून एक फसवा प्रश्न, प्रोसेसरवर ३ नॅनोमीटर लिहिलंय म्हणजे त्यात काय ३ नॅनोमीटरचं आहे? काही नाही, ते पिढीचं नाव आहे, शेजारच्या ट्रान्झिस्टरांचं गेटपासून गेटपर्यंतचं अंतरच ४०-५० नॅनोमीटरच्या घरात असतं. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे, हा तुम्ही माझ्यापेक्षा भारी रंगवाल.

क्वांटम डॉटसाठी समीकरण सोडवू नका, एकच नातं द्या, डब्यात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा डब्याच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. डबा निम्मा केला की ऊर्जा चौपट. कॅडमियम सेलेनाइडच्या बंद कुप्या आणा, यूव्ही दिव्याखाली धरा, सहाएक नॅनोमीटरचा लाल, दोनएक नॅनोमीटरचा निळसर, पदार्थ तोच. आलेख मुलांनी काढायचा. तो तंतोतंत वर्गाच्या नात्यावर बसत नाही, फिजिक्सवाल्यांना विचारा का, त्यांना तेवढंच काम.

एएफएम (बारीक सुईनं पृष्ठभाग चाचपून उंची मोजणारं यंत्र) नसलं तरी ग्विडियन म्हणून मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात कोणाच्या तरी स्कॅनच्या फाइल्स उघडून उंची मोजता येते. सिम्युलेशनसाठी नॅनोहब आहे, पर्ड्यू विद्यापीठाचं, ब्राउझरमध्ये चालतं. आणि सीडी-डीव्हीडी विसरू नका, लेझर पॉइंटर मारून भिंतीवरच्या ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं आणि ट्रॅकमधलं अंतर काढायचं, सीडीला १.६ मायक्रॉन, डीव्हीडीला ०.७४. डोळ्याला न दिसणारी लांबी पट्टीनं मोजली याचं मुलांना फार अप्रूप वाटतं. (सीडी आता कोणाकडे मिळते हा प्रश्न वेगळा.)

पायाभरणी

सूक्ष्मदर्शी, शेररचा प्रश्न मी चोरणार.

अर्धवाहक, घेणारच आहात तर सेफ्टी पहिल्या आठवड्यात घ्या, शेवटच्या स्लाइडवर ढकलू नका. कोरडी नॅनोपावडर मुलांच्या हातात द्यायचीच नाही, जे काय ते द्रवात. कॅडमियमच्या कुप्या सीलबंद, उघडायच्या नाहीत. काच धुवायला ॲक्वा रेजिया (सोनं विरघळवणारं तीव्र ॲसिडचं मिश्रण) लागलंच तर ते तुम्ही किंवा लॅब असिस्टंटनं, हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). आणि चांदीचे कण करून बघायचा मोह होईल, पिवळा रंग छान येतो, तर बोरोहायड्राइड बर्फात गार करून वापरायचं, आणि चांदीचा कचरा वेगळ्या बाटलीत, सिंकमध्ये नाही. बॅक्टेरिया मारायचे म्हणूनच चांदी वापरतात, मग ती सांडपाण्यात गेली तर काय होईल यावर एक तास चर्चा होऊ शकते. तो तास घेतलात तर तुमच्या कोर्सला माझा विरोध निम्मा कमी.

ग्रुपच्या कामाबद्दल, दर दोन आठवड्यांनी कामं फिरवा. सोल कॉम्प्युटरवाल्यानं करायचा, इमेजजे केमिस्ट्रीवालीनं, गणित बायोटेकनं. सोल बिघडेल, बिघडू दे. ग्रुपमधला केमिस्ट्रीवाला तोंडी सांगू शकतो, हात लावायचा नाही.

अर्धवाहक

हे फिरवायचं आवडलं. शेवटचं विचारतो, क्लोरोऑरिक ॲसिड किती मागवू? ऑर्डर लवकर टाकावी लागते.

काचसामान

१ ग्रॅम भरपूर झालं. ट्रायहायड्रेट मिळतं, १ ग्रॅममध्ये १ मिलीमोलरचं अडीच लिटर द्रावण होतं, म्हणजे २० मिलीच्या सव्वाशे बॅचेस. वजन करत बसू नका, ते हवेतलं पाणी भराभर ओढतं आणि धातूचा स्पॅच्युला खातं. आली की पूर्ण कुपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून स्टॉक करा, गडद बाटलीत, अंधारात. आणि बीकर, स्टरर बार आधी एकदम स्वच्छ पाहिजेत, आधीच्या बॅचचा जरा जरी अंश राहिला तर सोल जांभळटच येतो आणि मग मुलं सायट्रेटला शिव्या देतात.